वर्षाखेरीला मित्रांबरोबर बसून सरत्या वर्षाबद्दल बोलायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

सुट्ट्या लागल्या की मित्रमैत्रिणी भेटतातच, त्यात काही नवीन नाही, पण भेटूनही एकमेकांचं वर्ष कसं गेलं हे कळत नाही असं बऱ्याच ग्रुपमधे होतं आणि आमच्यात तर ते वर्षानुवर्षं होत होतं. आम्ही सहा जण, कॉलेजपासूनचे. एका वर्षी असेच जमलो, कुणीतरी विचारलं "मग, कसं गेलं वर्ष?" आणि गोल फिरून उत्तरं आली, "धावपळीत", "ठीकठाक", "मजेत", दोन मिनिटांत अख्खं वर्ष उरकलं आणि आम्ही परत त्याच जुन्या किश्श्यांवर आलो जे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. महिन्याभराने कळलं की "मजेत" म्हणणाऱ्याची नोकरी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो आमच्यात तीन तास बसला, हसला आणि निघून गेला.

मला ते फार लागलं. आपण विचारलं तर होतं, पण असं विचारलं होतं की खरं उत्तर द्यायला जागाच नव्हती. पुढच्या वर्षीपासून आम्ही ठरवून फक्त वर्षाबद्दल बोलायला बसायला लागलो, आता पाच वर्षं झाली, त्यात काय जमलं आणि काय फसलं ते सगळं इथे लिहितेय, म्हणजे तुम्ही पहिल्यांदा करणार असाल तर आमच्यासारखं चाचपडावं लागणार नाही.

माणसं किती आणि कोण

तीन ते सहा. सहाच्या वर जाऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. साधा हिशोब बघा, प्रत्येकाला वीस मिनिटं धरली तर सहा जणांचे दोन तास झाले, मधे उठणं-बसणं धरून अडीच, त्यानंतर कितीही जिवाभावाचा माणूस बोलत असला तरी लक्ष राहत नाही. आणि अजून एक गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मधे लोक आपणहून गप्पा मारताना किती जणांचा घोळका होतो ते बघितलं होतं, तर एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात, पाचवा आला की घोळका फुटायला लागतो. तुम्ही पण बघितलं असेल, सात-आठ जण जमले की दहा मिनिटांत दोन कोपरे होतात. म्हणून चारच्या वर असाल तर पाळ्या लावून बोलावंच लागतं, ते आपोआप होणार नाही.

कोण हा जास्त नाजूक प्रश्न. नवरा-बायको, पार्टनर यांना बोलवायचं का? आमचा अनुभव असा की चालतं, पण मग सगळ्यांचेच बोलवा नाहीतर कुणाचेच नको, आणि आधी विचारा. कारण एखादी मैत्रीण आपल्या माणसासमोर जे बोलेल ते आणि फक्त आपल्यासमोर जे बोलेल ते यात फरक असतो आणि तो तिचा हक्क आहे. ग्रुपमधल्या दोघांचं सध्या बिनसलंय आणि त्याबद्दल एक अक्षर बोलणं झालेलं नाही, असं असेल तर आधी त्या दोघांना वेगळं भेटू द्या. या बैठकीत ते मिटेल अशी आशा ठेवून बोलावू नका, बाकीचे सगळे अंग चोरून बसतात.

तारीख आणि निरोप

वर्षाच्या अगदी शेवटच्या रात्री ठेवू नका. त्या रात्री प्रत्येकाला कुठेतरी जायचं असतं, घरून फोन येत असतात, घड्याळाकडे डोळे असतात. सुट्टीतली एखादी मोकळी दुपार किंवा संध्याकाळ घ्या, तीन तास, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कुणाला निघायचं नसेल अशी. जागा शांत पाहिजे, कुणाचं तरी घर सगळ्यात बरं, पण ज्याचं घर आहे तो सारखा आत-बाहेर करत राहिला तर त्याचं वर्ष सांगायचं राहूनच जातं, म्हणून खाण्यापिण्याचं जे काय असेल ते आधी उरका किंवा नंतर ठेवा. मधे नको.

निरोप किमान दोन आठवडे आधी पाठवा आणि त्यात नेमकं काय होणार ते साफ सांगा. नुसतं "या वेळी जरा डीप बोलूया" असं लिहिलंत तर अर्धे लोक घाबरतात आणि उरलेले मस्करी करतात. आम्ही पहिल्या वर्षी जो पाठवला होता तो साधारण असा होता:

"या वेळी भेटू तेव्हा पहिले दोन तास फक्त या वर्षाबद्दल बोलूया का? प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. येताना एक कागद घरी लिहून आणायचा, कुणी तपासणार नाही. ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसतं ऐकायला यावं, तेही चालेल. नंतर नेहमीसारख्या गप्पा आहेतच."

शेवटची दोन वाक्यं ठेवाच. "बोलायचं नसेल तरी ये" म्हटल्यामुळेच आमच्यातली सगळ्यात अबोल मैत्रीण आली, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ तीच बोलली.

घरून लिहून आणायचं

एकच पायरी नीट करायची ताकद असेल तर ही करा, बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चालेल.

का ते सांगते. आपल्याला वाटतं वर्ष आपल्या लक्षात आहे, पण आठवायला बसलं की शेवटचे दीड-दोन महिने तेवढे येतात आणि आधीचं सगळं धूसर, आणि हेच दीड-दोन महिने वाईट गेले असतील तर आपण म्हणून टाकतो की वर्षच वाईट गेलं. दुसरं म्हणजे घोळक्यात बसून आठवायला लागलं की कमी आठवतं! ऐकायला उलटं वाटतं ना? पण १९९७ मधे वेल्डन आणि बेलिंजर या दोन संशोधकांनी हे तपासून दाखवलं होतं, एकत्र बसून आठवणाऱ्या गटाला जेवढं आठवतं त्यापेक्षा तितक्याच लोकांनी वेगवेगळं बसून आठवलेलं एकत्र केलं तर ते जास्त भरतं. कारण एक बोलायला लागला की दुसऱ्याच्या डोक्यातला धागा तुटतो, सगळे त्याच एका वाटेने जायला लागतात. म्हणून आधी एकट्याने, मग सगळ्यांनी.

कसं करायचं: तासभर काढा, दार लावा, कागद-पेन घ्या (फोनवर टाइप करू नका, मधे मेसेज येतात आणि झालंच मग). आता कागदावर बारा महिने आखून "मार्चमधे काय झालं?" असं स्वतःला विचारू नका, बहुतेक लोक इथेच अडकतात आणि कंटाळून उठतात. विलेम वागेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं रोजच्या रोज स्वतःच्या आयुष्यातल्या घटना लिहून ठेवल्या होत्या, साधारण २,४०० झाल्या, प्रत्येकीला काय, कोण, कुठे आणि कधी असं लिहिलेलं, आणि मग स्वतःचीच परीक्षा घेतली. १९८६ मधे त्याने ते छापलं. त्यात नुसती तारीख बघून त्याला जवळजवळ काहीच आठवायचं नाही, "काय झालं" या खुणेवरून सगळ्यात चांगलं आठवायचं. म्हणजे महिना हा आठवणीला धरायचा हात नाहीच, माणसं, जागा आणि वस्तू यांना धरा.

यासाठी फोनमधली फोटो गॅलरी उघडा आणि वर्षाच्या सुरुवातीपासून हळूहळू खाली या. चांगले फोटो पटकन सोडून द्या, ते आपण आधीच शंभरदा बघितलेले असतात. निरुपयोगी फोटो बघा. औषधाच्या चिठ्ठीचा, कुठल्यातरी फॉर्मचा, सीट नंबरचा, बंद पडलेल्या मशीनचा, असे जे आपण कामापुरते काढतो आणि डिलीट करायचे विसरतो. दोन वर्षांपूर्वी मी अशीच गॅलरी चाळत होते तर एका खांबाचे फोटो लागले, पार्किंगचा पिवळा-काळा खांब, त्यावर एक आकडा. एक नाही, वेगवेगळ्या दिवशीचे सात. आई हॉस्पिटलमधे होती तेव्हा गाडी कुठे लावली ते विसरायला होत होतं म्हणून मी रोज खांबाचा फोटो काढायचे. ते दिवस मी डोक्यातून पार पुसून टाकले होते. आणि सातव्या फोटोत खांबाच्या कडेला एक हात आलाय, हातात आईची पिशवी आणि चप्पल, तो आमच्यातल्याच एका मित्राचा हात, तो ऑफिस सुटल्यावर रोज येऊन बसायचा आणि मी त्याला त्याबद्दल एकदाही काही बोलले नव्हते. त्या वर्षी माझ्या कागदावर पहिल्या ओळीत तोच खांब होता.

गॅलरी झाली की कॅलेंडर बघा, मग कुणाकुणाशी सगळ्यात जास्त चॅट झालंय ते बघा, पैसे कुठे गेले त्याचे मेसेज बघा (हे फार खरं बोलतात). काही सापडलं की तीन-चार शब्दांत लिहीत जा, वाक्यं नकोत. तीस-चाळीस गोष्टी सहज होतात. मग त्यातल्या पाचांभोवती गोल काढा, ज्या सांगाव्याशा वाटतात त्या, आणि एकीभोवती जी सांगू की नको असं होतंय. ती सांगायचीच असं नाही, फक्त तिच्याभोवती पण गोल काढा.

प्रश्न कोणते

तीन, फार तर चार. इंटरनेटवर वर्षाखेरीच्या प्रश्नांच्या लांबच लांब याद्या मिळतात, त्या वापरू नका, मुलाखत घेतल्यासारखं होतं. "या वर्षीचं सगळ्यात मोठं यश" हा प्रश्न तर मी आमच्याकडे बंदच केलाय, त्याने लगेच तुलना सुरू होते, कुणाचं प्रमोशन, कुणाचं घर, आणि ज्याचं वर्ष नुसतं टिकून राहण्यात गेलं तो गप्प होतो.

आमच्याकडे चालणारे हे बघा. या वर्षातला कुठला एक दिवस जसाच्या तसा परत मिळाला तर घ्याल? (एकच दिवस, त्यामुळे माणूस नेमकं बोलतो.) गेल्या वर्षी या वेळी आयुष्यात नव्हती अशी कुठली गोष्ट आता रोजची झालीये? हा प्रश्न साधा दिसतो पण यातून सगळ्यात जास्त बाहेर येतं, कुणी म्हणतं झोपेची गोळी, कुणी म्हणतं सकाळचं चालणं, कुणी म्हणतं "घरी गेल्यावर दिवा मीच लावते आता". तिसरा, कशाबद्दल मत बदललं? आणि चौथा, कुणाला थँक्यू किंवा सॉरी म्हणायचं राहिलंय? चौथ्याचं उत्तर मोठ्याने देणं बंधनकारक नाही.

अजून एक प्रश्न आहे, "या ग्रुपकडून तुला काय हवं होतं जे मिळालं नाही?" हा पहिल्या वर्षी अजिबात विचारू नका. आम्ही तिसऱ्या वर्षी विचारला आणि तेव्हासुद्धा खोलीत बराच वेळ शांतता होती, पण तोवर एकमेकांवर भरवसा बसला होता म्हणून निभावलं.

बसल्यावर

सुरुवातीला चार गोष्टी मोठ्याने बोलून घ्या, गृहीत धरू नका. इथलं बोलणं इथेच, म्हणजे घरी जाऊन नवऱ्याला-बायकोलाही नाही. फोन दुसऱ्या खोलीत, ज्याचं घरी लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे त्याचा सोडून. कुठल्याही प्रश्नाला "पास" म्हणता येतं आणि पास म्हटल्यावर का असं विचारायचं नाही. आणि मागितल्याशिवाय सल्ला नाही.

मग पाळ्या. साधारण बारा मिनिटं सांगायला आणि सात-आठ मिनिटं बाकीच्यांच्या प्रश्नांना. टायमर लावा पण आवाज करणारा नको, एकाने घड्याळ बघायचं आणि दोन मिनिटं उरली की हाताने खूण करायची. वेळ ठरवल्याने कृत्रिम होईल असं मलाही वाटायचं, पण वेळ ठरवलेली नसते तेव्हा बोलका माणूस पाऊण तास घेतो आणि अबोल माणूस "माझं काय विशेष नाही" म्हणून तीन मिनिटांत संपवतो. पाळी ठरलेली असली की त्याची वीस मिनिटं त्याचीच राहतात, तो थांबला तरी ती दुसऱ्याला द्यायची नाहीत. थांबून राहा, तो परत बोलायला लागतो.

पहिलं कोण बोलणार हे आधीच ठरवा, कारण पहिला माणूस जितका खोलात जाईल तितकेच बाकीचे जातात. सगळ्यात छान बोलणाऱ्याला पहिली पाळी देऊ नका, तो किस्से सांगतो, सगळे हसतात आणि मग पुढच्याला पण हसवावं लागतं. ज्याने हे सगळं जमवलंय त्यानेच पहिलं बोलावं, आणि कागदावरची ती "सांगू की नको" वाली गोष्ट त्याने तरी सांगावी. तुम्ही हा लेख वाचताय म्हणजे बहुतेक ते तुम्हीच.

ऐकणं

बोलण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे आणि याची सवय आपल्याला कुणी लावलेलीच नसते.

नेहमीच्या गप्पांत एकाचं संपलं की दुसरा किती पटकन सुरू होतो माहितीये? जगातल्या दहा भाषांवर २००९ मधे एक अभ्यास छापून आला होता, त्यात ही मधली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी निघाली, म्हणजे आपण समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं वाक्य तयार करत असतो. या बैठकीत ते मोडायचंय. माणूस थांबला की मनात पाचपर्यंत मोजा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, कुणीतरी चुळबुळ करतं, पण मी कितीदा बघितलंय की तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला तो माणूस म्हणतो "म्हणजे खरं सांगायचं तर..." आणि त्याच्यापुढे जे येतं त्याच्यासाठीच आपण सगळे आलेलो असतो.

"अरे माझं पण सेम झालं" हे वाक्य गिळून टाका. चांगल्या मनाने म्हणतो आपण, त्याला एकटं वाटू नये म्हणून, पण गाडी आपल्याकडे वळते आणि त्याची गोष्ट अर्धी राहते, तुमची पाळी येईल तेव्हा सांगा ना. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा, "मग काय झालं?", "तेव्हा तू कुठे होतीस?", "घरी कुणाला सांगितलंस?" आणि "का" ने सुरू होणारे प्रश्न टाळा, "का सोडलीस नोकरी?" हे कितीही प्रेमाने विचारलं तरी जाब विचारल्यासारखं लागतं. ओठांवर अगदी सल्ला आलाच तर एक वाक्य पाठ करून ठेवा: "काही सुचवू का, की नुसतं ऐकू?" आमच्याकडे दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं, नुसतं ऐक.

आणि चांगली बातमी ऐकणं, हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. दुःखाच्या वेळी आपण सगळे सावध असतो, पण कुणी आनंदाचं सांगितलं की "अरे वा, मस्त" म्हणून पुढे जातो. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांचं यावर २००४ पासूनचं काम आहे, चांगली बातमी सांगितल्यावर समोरच्याने मनापासून रस घेतला, खोदून विचारलं, तर त्या नात्याला बळ मिळतं, आणि थंडपणे घेतली तर नातं फिकं पडतं. तर मैत्रीण म्हणाली की परीक्षा पास झाले, तर विचारा की रिझल्ट लागला तेव्हा तू काय करत होतीस, पहिला फोन कुणाला केलास. आमच्यातल्या एकीने यावर सांगितलं होतं की तिने पहिला फोन कुणालाच केला नाही, वॉशिंग मशीनमधले कपडे वाळत घातले आणि शेवटचा कपडा घालून झाल्यावर बसून रडली. "अरे वा" म्हणून पुढे गेलो असतो तर हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

जड विषय निघाले तर

निघतातच. कुणी गेलेलं असतं, कुणाचं मोडलेलं असतं, कुणाचे रिपोर्ट चांगले नसतात. रडू आलं तर रडू द्या, "रडू नको", "होईल सगळं नीट", "निदान अमुक तरी नाही झालं" यातलं काही म्हणू नका, लगेच उठून पाणी आणायलाही धावू नका, त्याने त्या माणसाला वाटतं की आवरायला पाहिजे. शेजारी बसा. थोड्या वेळाने विचारा, पुढे बोलायचंय की थांबायचंय. त्यानंतर दहा मिनिटांचा ब्रेक घ्या, लगेच पुढच्याची पाळी नको, त्याच्याकडे आनंदाची बातमी असेल तर मग त्याला उगाच अपराधी वाटायला लागतं.

पण कुणी जगण्याचाच कंटाळा आला, संपवून टाकावंसं वाटतं असं काही बोललं तर बैठक तिथे थांबवा. त्याला सरळ शब्दांत विचारा, तसे विचार येतात का, विचारल्याने ते वाढत नाहीत. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, त्याच्या घरचं कुणी जवळचं असेल त्यांना सांगा, आणि डॉक्टर किंवा तुमच्या इथली हेल्पलाइन यांच्याशी लगेच बोला. "इथलं इथेच" हा नियम यासाठी नाही.

लांब असणारा मित्र

व्हिडिओ कॉलवर एखादा असेल तर त्याची पाळी दुसरी ठेवा. शेवटी ठेवली की तोवर नेट जातं किंवा त्याच्याकडे मध्यरात्र होते. टेबलाच्या टोकाला फोन टेकवून ठेवू नका, त्याला नुसतं छत दिसतं आणि हसण्याचे आवाज येतात, त्याला एक खुर्ची द्या, खरंच खुर्चीवर स्क्रीन ठेवा, सगळ्यांच्या गोलात. दोन किंवा जास्त जण लांब असतील तर मग सगळ्यांनीच आपापल्या घरून जॉइन करा, अर्धे एकत्र आणि अर्धे स्क्रीनवर हे जमत नाही, आम्ही दोनदा करून बघितलं.

उठताना

शेवट विस्कळीत होऊ देऊ नका, की एकाची कॅब आली, दुसरा चपला शोधतोय आणि तिसऱ्याची पाळी अजून चाललीये. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधला एक प्रयोग आहे, लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशाच्या गार पाण्यात हात ठेवायला लावला, आणि दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद अधिक आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केलं. परत कुठलं करायला आवडेल विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं! कारण त्याचा शेवट जरा बरा होता. वर्षाचं पाणी जितकं गार असायचं तितकं असतंच, ते आपल्या हातात नाही, पण त्या संध्याकाळची शेवटची पंधरा मिनिटं आपल्या हातात आहेत.

आम्ही काय करतो, प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या माणसाला एक वाक्य सांगायचं, "या वर्षी मी तुला अमुक करताना बघितलं." तू छान आहेस, ग्रेट आहेस असलं नाही, बघितलेली गोष्ट. "तू भावाशी भांडण झालेलं असताना त्याच्या मुलीला रोज क्लासला सोडत होतास ते मी बघितलं." एवढंच. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, "छे छे, काहीतरीच" पण नाही. ज्याला सांगितलंय त्याचं तोंड बघण्यासारखं असतं, आपल्याला कुणी बघत होतं हे माणसांना माहीतच नसतं.

संकल्प वगैरे आम्ही घेत नाही. घ्यायचे असतील तर दुसऱ्या दिवशी घ्या, त्याच बैठकीत घेतले की मागचं वर्ष पटकन गुंडाळलं जातं आणि सगळे पुढच्याचे प्लॅन सांगायला लागतात. फक्त दोन गोष्टी ठरवा, वर्षाच्या मधे कधी भेटायचं ती तारीख, आणि सगळ्यांचे कागद एका पाकिटात घालून, चिकटवून, वर वर्ष लिहून कुणाकडे ठेवायचे. ज्याला आपला कागद घरी न्यायचा असेल त्याने न्यावा. फोटो काढायचा असेल तर काढा, पण कुठे टाकताना जे बोलणं झालं त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहू नका.

नंतरचा आठवडा

दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना जरा रितं वाटतं, जास्तच बोललो की काय असं वाटतं. म्हणून सकाळी प्रत्येकाला वेगळा मेसेज टाका, ग्रुपवर नको, दोन ओळी, त्याने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल. ज्याने सगळ्यात जड सांगितलं त्याला फोन करा.

आणि घरी पोचलात की लगेच, विसरायच्या आत, ऐकलेल्या तारखा कॅलेंडरमधे टाका. कुणाची सर्जरी फेब्रुवारीत आहे, कुणाच्या बाबांचं वर्षश्राद्ध, कुणाच्या केसची तारीख, कुणाची परत एकदा परीक्षा. नाव नका लिहू, फक्त स्वतःला कळेल असं काहीतरी लिहा आणि आदल्या दिवसाचा अलार्म लावा. ज्याची नोकरी गेली होती ना, त्याने दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत सांगितलं होतं की नव्या ठिकाणी प्रोबेशन एप्रिलच्या शेवटी संपतंय आणि रोज छातीत धडधडतं. माझ्या फोनमधे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नुसतं "धडधड" असं लिहिलेलं होतं. अलार्म वाजला तेव्हा मला दोन मिनिटं लागली आठवायला, मग फोन केला, त्याने उचलला आणि हॅलो पण म्हणाला नाही, म्हणाला, "तुला कसं माहीत आज पत्र मिळालं?"